आमचा ‘पेक्षा’ बरा

दिवेलागण होऊन देवघरातील निरांजन शांत झाले आणि स्वयंपाकघरातून फोडणीचा वास आला, की आमच्या बेळगावच्या शहापुरातील घरात माझ्या परीक्षेची वेळ होते. वास्तविक परीक्षा नातीची असते. ती इंग्रजी माध्यमाच्या शाळेत नववीत शिकते. परंतु मी आयुष्यभर एका कचेरीत इंग्रजी टिपणे लिहिली असल्यामुळे, घरातील इंग्रजीच्या प्रत्येक चुकीला मीच जबाबदार आहे, असा ठराव कोणीही न मांडता संमत झालेला आहे.

भाषांची भीती मला कधी वाटली नाही. दूधवाल्याशी कन्नड, गल्लीत मराठी, कॅम्पातल्या लष्करी ओळखीच्या गृहस्थांशी हिंदी आणि बँकेच्या काउंटरवर इंग्रजी, असा एका सकाळीत चार भाषांतून हिंडून आलेला बेळगावकर स्वतःला बहुभाषाकोविद समजत नाही. तो फक्त भाजी घेऊन परतलेला असतो. माझा हा माज विशेषणांच्या तुलनेवरील धड्याने उतरवला.

‘आमचे घर तुमच्या घरापेक्षा मोठे आहे’ या मराठी वाक्यात भांडणाचे सगळे साहित्य आहे, तरी ‘मोठे’ हा शब्द जागचा हललेला नाही. कन्नडमध्येही ‘इदक्किंत अदु दोड्डदु’ म्हटले की काम भागते. आपल्या ‘पेक्षा’चे काम तिथे ‘किंत’ करतो आणि ‘दोड्डदु’ होता तसाच राहतो. ज्या दोन भाषांचे दुकानाच्या पाटीवरील जागेवरूनही जमत नाही, त्यांचे या एका बाबतीत संपूर्ण एकमत आहे, याची नोंद कोणत्याही आयोगाने घेतल्याचे माझ्या वाचनात नाही.

इंग्रजीत मात्र तुलना आली की विशेषणाला शेपूट तरी फुटते, नाही तर पुढे ‘मोअर’ नावाचा भालदार तरी चालू लागतो, आणि दोहोंपैकी काय घडणार हे बहुतेक वेळा शब्दाला उच्चारात किती ठोके आहेत यावर ठरते. एका ठोक्याचा ‘टॉल’ हा ‘टॉलर’ होतो, तीन ठोक्यांच्या ‘ब्यूटिफुल’ला ‘मोअर’ लागतो, आणि दोन ठोक्यांचे शब्द मन मानेल तसे वागतात. ‘गुड’ची पुढची पिढी ‘बेटर’ हिचे नाव, नाक, डोळे काहीही वडिलांसारखे नाही, पण त्याबद्दल त्या घराण्यात कोणी बोलत नाही. आमच्या गल्लीने या सर्वांवर ‘मोअर बेटर’ असा सुरक्षित तोडगा काढला आहे, आणि खासगीत मला तो पटतो.

लॅटिनकडून आलेले ‘सीनियर’, ‘ज्युनियर’ हे पाहुणे तर ‘दॅन’ला जवळ येऊ देत नाहीत, त्यांना ‘टू’ लागतो. ‘सीनियर’ म्हणजे मूळ लॅटिनमध्ये ‘अधिक वृद्ध’, आणि आपला ‘ज्येष्ठ’ म्हणजे संस्कृतात ‘सर्वांत वडील’. याचा अर्थ असा, की मी सीनियर सिटिझन असतो तेव्हा कोणापेक्षा तरी म्हातारा असतो आणि ज्येष्ठ नागरिक झालो की सगळ्यांत म्हातारा होतो. फॉर्म भरताना म्हणूनच मी इंग्रजी रकाना पसंत करतो.

इथवर सारे सोसण्यासारखे होते. खरी आपत्ती गोकाकच्या धबधब्यावर ओढवली. नातीने निबंधात लिहिले होते, ‘गोकाक इज ॲज अ हाय वॉटरफॉल ॲज नायगारा.’ भूगोलाने या वाक्याला फारशी हरकत घेऊ नये. घटप्रभेचे पाणी तिथे सुमारे 52 मीटर खाली उडी घेते आणि नायगाराची उंचीही त्याच्या आसपासचीच आहे. रुंदीचा विषय आम्ही पाहुण्यांसमोर काढत नाही. परंतु बाईंनी लाल शाईने त्या बिचाऱ्या ‘अ’ला उचलून ‘हाय’ आणि ‘वॉटरफॉल’ यांच्या मध्ये नेऊन बसवले होते : ‘ॲज हाय अ वॉटरफॉल ॲज नायगारा.’

“आज्जा, हे असं का?” नातीने विचारले.

मी चष्मा पुसला. चौतीस वर्षांच्या नोकरीत चष्मा पुसण्याने मला कधी दगा दिलेला नव्हता. मग मी तिला घराचे उदाहरण दिले. इंग्रजीत ‘अ’ हा घराचा उंबरठा असतो, त्याच्या आत विशेषण राहते आणि अगदी आत, माजघरात, नाम बसलेले असते. एरवी विशेषण उंबरठ्याबाहेर पाऊल टाकत नाही. पण ‘ॲज’, ‘सो’, ‘अति’ या अर्थाचा ‘टू’, ‘हाऊ’ यांपैकी कोणी मित्र दारात येऊन हाक मारली, की विशेषण पायांत चपला सरकवून त्याच्या शेजारी कट्ट्यावर जाऊन बसते : ‘सो हाय अ वॉटरफॉल’, ‘टू हाय अ वॉटरफॉल’, ‘हाऊ हाय अ वॉटरफॉल’. उपमा मला स्वतःलाच इतकी आवडली, की मी तिथेच थांबायला हवे होते. नात म्हणाली, “मग धबधबे दोन असले तर?” दोन असले की ‘अ’ जातो, म्हणजे उंबरठाच उरत नाही, मग त्याच्या बाहेर बसणार कुठे? ‘ॲज हाय वॉटरफॉल्स ॲज’ म्हणता येत नाही, ‘वॉटरफॉल्स ॲज हाय ॲज’ असे मागीलदाराने जावे लागते. मी कपाळावरचा घाम पुसत असतानाच तिने ‘सच अ हाय वॉटरफॉल’ दाखवले. ‘सच’ने हाक मारली तर विशेषण घरातच बसून राहते. त्यांचे आपसांत काही बिनसले असावे, एवढेच मी सांगू शकलो.

‘दॅन’ची कथा याहून करुण आहे. ‘अ बिगर हाऊस दॅन अवर्स’ या पदबंधात ‘बिगर’ घराच्या अलीकडे आणि ‘दॅन अवर्स’ पलीकडे. टिळकवाडीच्या सेकंड गेटजवळ नवरा झपाझप रूळ ओलांडून जावा, फाटक पडावे आणि पिशव्या घेतलेली बायको या बाजूला राहावी, आणि दोघांच्या मधून मालगाडी जात असतानाही ते जोडपेच मानले जावे, तसे हे आहे. मराठीत ‘आमच्या घरापेक्षा मोठे घर’ म्हणताना सगळा गोतावळा फाटक पडण्यापूर्वी निघतो आणि शेवटी नाम सावकाश येते. मी हे समजावीत असताना स्वयंपाकघरातून विचारणा झाली, “बिगर हाऊस म्हणजे घर नसलेला काय हो?” मराठीच्या बाजूने पाहिले तर प्रश्न बिनतोड होता.

विशेषणांच्या रांगेची गोष्ट त्या मानाने मला सोपी वाटली, कारण रांगेचा नियम आम्हांला सरकारने शिकवलेला आहे. कर्नाटकात कायद्याच्या 2024 च्या दुरुस्तीनंतर दुकानाच्या पाटीवर साठ टक्के कन्नड हवे आणि ते वरच्या बाजूस हवे, हे जसे कायद्यात लिहिले आहे, तसे इंग्रजीत कोणी कायदा न करताही मत आधी, मग वय, मग रंग आणि नामाला खेटून कापड, असा क्रम बहुधा पाळला जातो : ‘अ ब्यूटिफुल ओल्ड रेड सिल्क सारी’. हा क्रम बदलला तर दंड होत नाही, फक्त ऐकणाऱ्याचा चेहरा बदलतो.

त्यानंतर तीन रूपांचा खेळ आला. ‘कुंदा इज द स्वीटेस्ट स्वीट इन बेळगावी’ हे वाक्य अर्थ न बदलता फिरवायचे होते. ‘नो अदर स्वीट’ने सुरुवात करून एक रूप झाले. दुसऱ्यात नातीने लिहिले, ‘कुंदा इज स्वीटर दॅन एनी स्वीट इन बेळगावी’, आणि मी विजयाने ओरडलो, की ‘अदर’ राहिला! तो नसेल तर कुंदाही बेळगावातील गोड पदार्थच असल्यामुळे कुंदा कुंद्याहून गोड ठरतो. “मग धारवाडच्या सगळ्या मिठायांपेक्षा गोड म्हटलं तर?” तिने विचारले. तिथे ‘अदर’ नको, कारण कुंदा धारवाडचा नव्हे. “पण धारवाडात कुंदा विकत मिळतो की.” इंग्रजी व्याकरणाचा निकाल धारवाडच्या पेढ्यांशेजारी काय मांडले आहे यावर अवलंबून असेल, असे मला सेवेत असताना कोणी सांगितले नव्हते.

या विषयात मी यापूर्वीही एकदा पोळलो आहे. ओळखीच्या एका गृहस्थांच्या शिकवणी वर्गासाठी मी मोठ्या हौसेने फलक लिहून दिला होता : ‘वी नीड फोर मोअर एक्स्पीरियन्स्ड टीचर्स.’ अनुभवी शिक्षक आणखी चार हवेत, असे मला म्हणायचे होते. आहेत त्यांच्यापेक्षा जास्त अनुभवी असे चार हवेत, असे तिथल्या शिक्षकांनी वाचले, आणि दुर्दैवाने इंग्रजी त्यांच्याही बाजूने होते. मराठीत ‘आणखी चार अनुभवी’ आणि ‘चार अधिक अनुभवी’ यांत चारचा आकडा कोठे बसतो यावरून मनुष्याची अब्रू वाचते. इंग्रजीत आकडा दोन्ही अर्थांना पुढेच बसतो आणि गंमत बघतो. त्यांतील दोघेजण अजून मला पाहून रस्ता ओलांडतात.

काल वहीतील शेवटचे वाक्य तपासायचे होते : ‘आज्जी लाइक्स टी मोअर दॅन आज्जा.’ मी गंभीरपणे सांगितले, की हे वाक्य दुटप्पी आहे. आज्जाला चहा आवडतो त्याहून आज्जीला तो जास्त आवडतो, हा एक अर्थ. आणि आज्जीला आज्जा जितका आवडतो त्याहून चहा जास्त आवडतो, हा दुसरा. पुढे ‘डझ’ जोडला, की दुसरा अर्थ बाद होतो. नातीने पेन्सिल उचलली तेवढ्यात माझी पत्नी कप घेऊन बाहेर आली आणि एवढा वेळ कशावर खल चालला आहे, असे तिने विचारले. मी तिला दोन्ही अर्थ मराठीत नीट उलगडून सांगितले आणि ‘डझ’ची आवश्यकताही पटवून दिली.

तिने कप माझ्यासमोर ठेवला, स्वतःच्या कपातला एक घोट घेतला आणि नातीला म्हणाली, “राहू दे बाळ, खोडू नको. दुसरा अर्थ काय खोटा नाही की.”