सोळा वाट्या

पुण्यात बाणेरला आमची एक सदनिका आहे, आणि तिच्या निमित्ताने मी सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटात आहे. यंदा एप्रिलमध्ये, रोज टँकर येत असताना, तेथे असा ठराव झाला की मधल्या हिरवळीसाठी मोबाइलवरून चालणारी ‘स्मार्ट’ तुषार यंत्रणा बसवावी. मी हरकत घेतली, तेव्हा एका सभासदांनी लिहिले, “आपण वाळवंटात राहून हिरवळीवर फिरता आणि उपदेश मात्र आम्हाला करता!” त्यावर सतरा अंगठे उठले. ते वाक्य अजून माझ्या डोक्यातून गेलेले नाही.

मी लास व्हेगासमध्ये बागांच्या सिंचनाचे आराखडे करतो आणि जुन्या यंत्रणांची तपासणी करतो. येथे वर्षाकाठी जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो. पुण्यात त्याच्या सातपट. नेवाडाने २०२१ मध्ये कायदा केला, त्यानुसार कार्यालये, वसाहतींच्या सामायिक जागा आणि रस्त्याच्या दुभाजकांवर केवळ शोभेसाठी राखलेल्या हिरवळीला २०२६ संपल्यावर कोलोरॅडो नदीचे पाणी देता येणार नाही. गवत काढून ठिबकवरची झुडपे लावली की दर चौरस फुटामागे वर्षाला सुमारे २०० लिटर पाणी वाचते. हे सगळे मी गटात ऐटीत लिहिले. गोल्फची मैदाने आणि स्वतंत्र घरे या बंदीतून सुटली आहेत, हे मात्र लिहिले नाही. कोणी विचारलेही नाही.

“आमच्या बागेला एसटीपीचे पाणी जाते, ते फुकटच आहे,” हा पुढचा युक्तिवाद मला अधिक खटकला. एसटीपी म्हणजे सोसायटीचे सांडपाणी शुद्ध करणारे केंद्र. लास व्हेगासमध्ये घरात वापरलेले पाणी शुद्ध होऊन कोलोरॅडो नदीवरच्या मीड सरोवरात परत जाते आणि जितके परत जाते तितके आम्हाला पुन्हा उचलता येते. हिरवळीवर पडलेले पाणी मात्र हवेत गेले ते गेलेच. बाणेरमध्येही तेच पाणी शौचालयांच्या टाक्यांत फिरवले, तर तेवढा टँकर कमी होईल. मग ते फुकट कसे?

मुळात यंत्रणा नवी आहे की जुनी, हा प्रश्न दुय्यम आहे; पाणी सगळीकडे सारखे पडते का, हा खरा प्रश्न. गेल्या वर्षी जुलैत पुण्याला आलो होतो, तेव्हा वहिनींच्या स्वयंपाकघरातून एकाच घाटाच्या सोळा वाट्या मागून घेतल्या, एका उघडिपीच्या सकाळी त्या हिरवळीवर ओळीने मांडल्या, तुषार कारंजी दहा मिनिटे चालवली आणि खोकल्याच्या औषधाच्या टोपीने प्रत्येक वाटीतले पाणी मोजले. एका वाटीत सात टोप्या भरल्या, कोपऱ्यातल्या वाटीत जेमतेम एक. कोपरा पिवळा पडू नये म्हणून माळी बाकीच्या हिरवळीला गरजेच्या कितीतरी पट पाणी देत होता, आणि यात त्याचा काही दोष नव्हता. एक कारंजे गवत कापण्याच्या यंत्राचा धक्का लागून कलले होते, दोन कारंज्यांचे नोझल वेगळ्याच मापाचे होते, आणि दाब इतका होता की थेंबांऐवजी धुके उडत होते. चार नोझल आणि एक दाबनियंत्रक बसवला असता, तर काम भागले असते. मोबाइलमधले ॲप कललेले कारंजे सरळ करत नाही. वॉचमन हसत होता. समितीने “परदेशी फॅड” म्हटले.

परदेशी कसले? सांगोल्यात आमची डाळिंबाची बाग होती. शाळेतून आल्यावर ठिबकच्या नळ्यांची शेवटची टोके उघडून गढूळ पाणी निघून जाईपर्यंत त्या धुवायच्या आणि तुंबलेले ड्रीपर टाचणीने मोकळे करायचे, हे काम माझ्याकडे असे. टाचणीने भोक मोठे होते, त्याऐवजी नळ्यांतून सौम्य आम्ल सोडावे, हे नंतर कळले. वडील मुठीत माती दाबून वाफसा, म्हणजे मातीतल्या ओलीचा आणि हवेचा मेळ, पाहत आणि मगच व्हॉल्व्ह उघडत. येथे आम्ही बाष्पीभवनाच्या आकड्यांवरून वेळापत्रक लावतो आणि कठीण चुनखडी जमिनीत पाणी मुरावे म्हणून बारा मिनिटांच्या एका पाळीचे चार-चार मिनिटांचे तीन हप्ते करतो. परंतु ‘वाफसा’ या शब्दाला इंग्रजी प्रतिशब्द मला चौदा वर्षांत सापडलेला नाही. तेल्या रोगाने बाग गेली, वडील गेले, आणि जे काम सोडून मी शिकायला बाहेर पडलो, तेच काम मी आता एका हॉटेलच्या लँटानाच्या ताटव्यांसाठी डॉलरमध्ये करतो. सांगोल्याचा उल्लेख मी त्या गटात कधी केला नाही. अमेरिकेचे नाव घेतले तर लोक ऐकतील, असा माझाही समज होता.

आणि एक गोष्ट राहिली. बाणेरमध्ये मी वाट्या मांडत होतो, त्याच आठवड्यात माझ्या अंगणातली ठिबकची नळी सशांनी कुरतडली. पाणी पदपथावरून शेजाऱ्यांच्या गाड्यांपर्यंत वाहत गेले, आणि परतल्यावर दाराशी पाणी वाया घालवल्याची नोटीस होती. व्हॉल्व्हबॉक्सच्या झाकणावर आधी टकटक केली, कारण आत विषारी काळ्या कोळिणी असतात. मग उघडून पाहिले, तर व्हॉल्व्ह कोणीतरी आधीच बंद केला होता. शेजारच्या मेक्सिकन आजोबांनी सांगितले की त्यांना राहवले नाही. ते माझ्या अंगणात न विचारता शिरले, याबद्दल माफी मागत होते.