आधी यमक, मग बघू

कविता लिहायची ठरवलंयत ना? मग अर्थ तूर्त बाजूला ठेवा. तो मिसळीवरच्या शेवेसारखा मागून भुरभुरता येतो. आधी यमकं गोळा करा. 'रंकाळा' सापडला की 'जिव्हाळा', 'उमाळा', 'उन्हाळा' घाईनं वहीत उतरवा. चौथ्या ओळीला शब्द संपले तर 'जातो मी गुऱ्हाळा' लिहा. 'ला' कुठं गेला असं कुणी विचारलं तर सांगा, रंकाळ्यात बुडाला.

क्रियापद वाक्याच्या शेवटी येणं ही तर मराठी कवींसाठी सरकारी योजनाच. आहे, राहे, वाहे, पाहे; झाली कविता. (घरात एकदा 'मी तुला पाहे' म्हणून बघा, आई ताप आलाय का म्हणून कपाळाला हात लावेल.) काही जुने जाणकार कुरकुरतील, की नुसतं शेवटचं अक्षर जुळून भागत नाही, त्याआधीचा स्वरही जुळला पाहिजे, 'आला'ला 'झाला' चालतो, 'गेला' चालत नाही. असल्या माणसांना पहिल्या रांगेत बसवू नका. कोल्हापुरात तर आणखी एक सोय आहे. इथं बायकाही 'मी आलो, मी जेवलो' म्हणतात, त्यामुळं एकच यमक नवराबायको दोघांना पुरतं.

ज्ञानेश्वरीतल्या ओवीचे पहिले तीन चरण जुळतात आणि चौथा मोकळा सुटतो. तुकोबांच्या मोठ्या अभंगात दुसरा-तिसरा जुळतो, चौथा तिथंही मोकळाच. केवढी ही उधळपट्टी! तुम्ही चौथ्यालाही खिळा ठोका.

भाषणात मात्र मोरोपंतांचं नाव घ्या. ते १७२९ साली आपल्या पन्हाळ्यावर जन्मले, म्हणजे घरचेच. त्यांनी निरोष्ठ रामायण रचलं, त्यात ओठाला ओठ लावणारी प, फ, ब, भ, म ही अक्षरंच नाहीत. तुम्ही त्या फंदात पडू नका. 'भावा' म्हटल्याशिवाय तुमची पहिली ओळच सुरू होत नाही.

गझल त्याहून सोपी. राजाराम कॉलेजात शिकवणाऱ्या माधव जूलियनांनी ती मराठीत रुजवताना वृत्त, काफिया, रदीफ असलं सगळं सांभाळलं. तुम्ही रदीफ तेवढा ठेवा. प्रत्येक शेराच्या शेवटी 'आहे' टाका. त्याच्या आधी जुळायला हवा तो काफिया कुणी विचारलाच, तर तो खासबागेत कुस्ती बघायला गेलाय म्हणा.

पण खरा पैसा चौकातल्या डिजिटल बोर्डात आहे. वाढदिवस कुणाचा, एवढंच विचारायचं. 'दादा' असतील तर 'वादा' ठरलेला. 'अण्णा' जरा अवघड जातात. 'आबा' असले की 'ताबा' लिहा, आणि त्याच्याखाली ठळक अक्षरात 'दबदबा'. नियमानं 'आबा'ला 'दबदबा' जुळत नाही, पण ते आबांना सांगायला जाणार कोण?