खर्च कोणी सोसायचा, तेही इंग्रजीत

बी.ए.ला इंग्रजी घेतलं होतं ही गोष्ट सोसायटीत कुणाला कळू देऊ नये. डॉक्टर दिसला की लोक लिफ्टमध्ये जीभ काढून दाखवतात, सीएला जिन्यात गाठून टॅक्सचं विचारतात, आणि माझ्या नशिबी नोटिसा. रविवारी सकाळी पोहे फोडणीला टाकले की सेक्रेटरी काका दारात, "अगं तेवढं बघून देतेस का, दोनच ओळी आहेत." आणि त्या दोन ओळीत कुठेतरी सोसण्याचं ते इंग्रजी क्रियापद दबा धरून बसलेलं असतंच. बेअर.

मराठीत का नाही लिहीत म्हणून एकदा विचारलं तर काका म्हणाले, मराठी नोटीस लोक वाचतात आणि मग वाद घालतात, इंग्रजी नोटीस कोणी वाचत नाही पण जरा वचकून असतात. यावर मला काही बोलता आलं नाही.

यावेळचा विषय गळतीचा होता. म्हणजे गच्चीतून गळलं तर दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने, बाहेरच्या कॉमन पाईपचंही तसंच, हे उपविधीत सरळ लिहिलेलं आहे, पण वरच्याच्या बाथरूममधून खालच्याच्या बेडरूममध्ये गळलं तर ते ज्याचं त्याने बघायचं. तर काकांनी लिहिलं होतं की हा खर्च 'विल बी बॉर्न बाय द मेंबर', आणि त्या बॉर्नच्या शेवटी ई नव्हता. म्हटलं काका, याचा अर्थ खर्च मेंबरच्या पोटी जन्माला येईल असा होतोय.

"एका ई ने काय होतं गं? वाचताना तर सारखंच वाजतं."

हाच तर छळ आहे ना. बेअर, बोअर, बॉर्न, आणि तो शेवटचा बॉर्न दोन प्रकारचा. जन्माला यायचं असेल तर ई नाही, बाकी काहीही सोसायचं, वाहायचं, उचलायचं असेल तर ई पाहिजे. त्यातही आईने मुलांना जन्म दिला हे 'हॅज' लावून सांगायचं झालं तर ई परत येतो, म्हणजे मूल ई शिवाय येतं आणि आईच्या वाट्याला मात्र ई सकट. (हे मला मनापासून पटतं, स्पेलिंग ठरवणाऱ्यांच्या घरात कोणीतरी बाळंतपण बघितलेलं असणार.) काकांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, मग घर भाड्याने देताना त्या ॲग्रीमेंटमध्ये स्टॅम्प ड्युटी भाडेकरूने भरायची असं लिहितात तिथे कुठला? ई वाला काका, पैशाचा विषय आला की डोळे मिटून ई वाला.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या काकू आल्या, ज्यांच्या बेडरूममध्ये ते पाणी गळतंय. त्यांनीही कमिटीला मेल लिहिलेली, 'आय ॲम बेअरिंग धिस लीकेज सिन्स लास्ट मान्सून'. आता 'सिन्स'चं मी सोडूनच दिलं, पण इंग्रजीत हे क्रियापद मोठं विचित्र आहे, सहन करण्याच्या अर्थाने ते बहुतेकदा सहन होत नाही तेव्हाच बाहेर काढतात, 'आय कान्ट बेअर इट' असं. जे निमूट सोसतायत त्यांच्यासाठी नाहीच ते. काकूंना म्हटलं 'कान्ट बेअर' लिहा. तर म्हणाल्या, "कान्ट कशाला गं, सोसतेच आहे की मी! कान्ट म्हटलं तर ते म्हणतील मग इतके दिवस कशा राहिलात?" आता यावर कुठलं व्याकरण काढू.

तसं आपल्याकडे बेअरिंग फार जुनं. गणपतीतल्या नाटकात कोणी मध्येच हसला की दिग्दर्शक ओरडतो, बेअरिंग सोडू नकोस! पंखा खरखर करायला लागला की बेअरिंग गेलं. आणि आमच्या कॉन्ट्रॅक्टरला विचारा, ही भिंत काढता येईल का, तो गंभीर चेहऱ्याने तिच्यावर टकटक करून म्हणणार लोड बेअरिंग आहे ताई, हात लावायचा नाही. याला ई ची कधी गरज पडली नाही, आणि अर्थ एकदम बरोबर, सगळ्यांचा भार घेऊन गप उभी असते ती. भार आणि बेअर हे खरंच एकाच जुन्या कुळातले शब्द आहेत, संस्कृतातल्या भृ धातूच्या नात्यातले. हे मी उगाच बोलून गेले कारण काकांनी लगेच पेन काढलं, "म्हणजे भार मेंबरचा, हे संस्कृतातही आहे तर."

मीटिंगमध्ये वरच्या मजल्यावरच्यांनी आणखी फाटे फोडले. त्यांचा मुलगा अमेरिकेत असतो त्यामुळे त्यांचे बरेचसे दाखले तिकडूनच येतात. म्हणाले तिथे 1791 पासून घटनेत 'बेअर आर्म्स', म्हणजे शस्त्र बाळगायचा हक्क, लिहिलंय आणि 2008 साली सुप्रीम कोर्टाला त्यातल्या बेअरचा अर्थ सांगत बसावं लागलं, मग आपण एका रविवारी कसं ठरवणार? ठराव पुढे ढकला म्हणे. बाथरूम अर्थातच त्यांचं होतं.

शेवटी मी वैतागून नोटिशीतून बेअर काढलं आणि साधं 'पे' टाकलं. काका हिरमुसले. "पे फारच उघडं वाटतं गं." खरं होतं त्यांचं, बेअर लिहिलं की मेंबर कसा समंजसपणे काहीतरी सोसतोय असं वाटतं, आणि पे म्हटलं की सरळ खिशात हात. पण गेली नोटीस, आणि दुसऱ्याच दिवशी वरच्यांचं उत्तर आलं, 'प्लीज बेअर विथ मी टिल दिवाळी'.

काका मोबाईल घेऊन आले. "यात चूक आहे का काही?"

नव्हती. विथ अगदी जागच्या जागी.

"म्हणजे यांचा खर्च मी बेअर करायचा?"

"नाही काका, खर्च नाही, त्यांना."

काका सोफ्यावर बसले, चष्मा पुसला आणि मला न विचारता, ग्रुपवर सगळ्यांसमोर, चक्क मराठीत टाईप केलं, थकबाकीवर जनरल बॉडीने ठरवलेलं 21 टक्के सरळव्याज लागेल, दिवाळीच्या आगाऊ शुभेच्छा.