नवतपा, चार पॉइंट दोन आणि आईचा सराटा

ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे कॉम्प्युटरचा प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवणं, हे 'पाच मिनिटांचं काम आहे' असं म्हणणाऱ्या प्रत्येक माणसाला मला नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ भाजून काढणाऱ्या दिवसांत, दुपारी दोन वाजता, नागपुरातल्या आमच्या घरी बसवायचंय. खिडकीतल्या कूलरचं पाणी संपलेलं असावं. हातात स्क्रूड्रायव्हर द्यायचा आणि म्हणायचं, कर बे, पाच मिनिटांत कर.

रात्रभर प्राइम95 चालवलं, प्रोसेसरला घाम फोडणारी टेस्ट. आठ तास. प्रोसेसरचे सहाच्या सहा कोअर 4.2 गिगाहर्ट्झवर, 1.325 व्होल्ट, एक एरर नाही. सकाळी चहा पिताना मी स्वतःला मोठा इंजिनिअर समजत होतो (डिग्री सिव्हिलची आहे, ते सोडा). साडेसातला बाबांनी पंचांगाची पीडीएफ उघडली आणि निळा स्क्रीन. पीडीएफ हो, पीडीएफ! आठ तास भट्टीत उभा राहिलेला प्रोसेसर एकादशी कधी आहे हे बघताना आडवा झाला.

बरं, तिथे तरी गप्प बसावं की नाही. मी बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगचा पडदा) जाऊन व्होल्टेज कणभर चढवलं, एलएलसी (भार आल्यावर व्होल्टेज पडू न देणारी सेटिंग) एक पायरी वर नेली, सेव्ह करायला एफ10 दाबलं. स्क्रीन काळा. पंखे फिरतायत, दिवे लागतायत, चित्र नाही. अशा वेळी मदरबोर्ड दोन-तीन प्रयत्नांनंतर स्वतःहून मूळ सेटिंगवर येतो म्हणे. अकरा वेळा चालू-बंद केला. मोजून अकरा. नाही आला.

मग उरला सीमॉसचा जंपर, बोर्डाच्या सगळ्या सेटिंग पुसणाऱ्या दोन पिना. ही वस्तू लागते कधी, तर फक्त संकटात. आणि ती बसवलीय कुठे, तर ग्राफिक्स कार्डाच्या बरोबर खाली. शेजारी त्या सेटिंग जपणारी बॅटरी, तीही कार्डाखालीच. ज्याने हा नकाशा काढला त्याने आयुष्यात एकदाही स्वतःच्या हाताने पीसी उघडलेला नाही, मी लिहून देतो. कार्ड काढायचं तर स्लॉटच्या टोकाची खिटी दाबावी लागते. खिटीपर्यंत बोट जात नाही, कारण वाटेत प्रोसेसर थंड ठेवणारा अडीच हजारांचा टॉवर कूलर उभा आहे, जो मी याच 4.2 साठी मागच्या आठवड्यात बर्डीच्या बाजारातून आणला. पेन्सिल घातली, वाकडी बसली. पट्टी घातली, मोडली. शेवटी स्वयंपाकघरातून आईचा सराटा (म्हणजे उलथणं) आणला आणि त्याच्या टोकाने खिटी दाबली. कट्ट करून आवाज आला. खिटीचा होता, स्लॉटचा नव्हता, नशीब.

त्या दोन पिना जोडणारी जंपरची टोपी डब्यात दिलेलीच नाही. दोन पिना स्क्रूड्रायव्हरने टेकवा म्हणतात. त्या दोन पिनांच्या शेजारी आणखी डझनभर पिना, सगळ्या सारख्याच. माझे हात घामाने ओले. सोडून दिलं, सरळ बॅटरीच काढली, तर ती उडून दिवाणाखाली. दिवाणाखाली झोपून बॅटरी शोधत असताना दारातून आईचा आवाज, "काहून खोलून बसला रे पुन्हा? चालत होतं नं चांगलं?"

चालत होतं. हेच तर.

आणि हो, 'ऑटोवर ठेवा' सांगणारे लोक. नागपूरचा ऑटो मीटरने येत नाही, आणि बायोसमधला ऑटो त्याचा सख्खा भाऊ आहे. प्रोसेसरचा वेग वाढवून व्होल्टेज ऑटोवर सोडलं तर माझ्या बोर्डाने सरळ 1.45 चढवलं. एलएलसीचं तर बोलूच नका. एका कंपनीत लेव्हल 1 म्हणजे सगळ्यात कडक, दुसरीत लेव्हल 1 म्हणजे सगळ्यात मवाळ. सुरुवात करणाऱ्याने नाणं उडवायचं का? आणि प्रोसेसर व कूलरच्या मध्ये लावायची थर्मल पेस्ट म्हणे 'वाटाण्याएवढी'. कोणता वाटाणा? हिरवा, सुका, की भिजवलेला? मी भिजवलेला धरला. तो चारी बाजूंनी बाहेर आला, बोटांना लागला, कॅबिनेटच्या कडेला लागला, अजून निघालेला नाही.

व्हिडिओ करणारा गडी जाकीट घालून बसलेला असतो. म्हणतो, खोलीचं तापमान 21 अंश, प्रोसेसर 78 वर, सगळं झकास. भाऊ, आमच्याकडे बाहेर 45 आहे. तुझ्या 78 मध्ये आमचा फरक मिळव आणि बघ काय होतं ते. 95 ला जाऊन टेकतं. 95 ला प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, म्हणजे ओव्हरक्लॉक करून आपण त्याला हळू पळवतो. परवा सातव्या तासाला टेस्ट पूर्ण होत आलेली, तर लाइन गेली. ती तर जाणारच.

2018 चं दुखणंही आज उगाच वर आलं. तेव्हा इंटेलचा आय5-8400 प्रोसेसर घेतला. त्याला स्वस्तातलं बोर्ड बाजारात आलंच नव्हतं, म्हणून दुकानदाराने महागाचं झेड370 बोर्ड गळ्यात मारलं, "ओव्हरक्लॉकिंगवालं आहे साहेब." बोर्ड ओव्हरक्लॉकिंगवालं, प्रोसेसर कुलूपबंद. नावापुढे 'के' नाही, तर मल्टिप्लायर (वेग ठरवणारा आकडा) हलत नाही, हे त्याने नंतर सांगितलं. हसत. तेव्हापासून 'के' अक्षर दिसलं तरी डोकं तापतं. म्हणूनच या वेळी एएमडीचा रायझन 5 3600 आणला, कुलूप नसलेला.

चुलतभाऊ मोठा, तो वर मीठ चोळतो. 1998 च्या सेलेरॉन 300ए प्रोसेसरला बस (बोर्डाशी बोलण्याचा वेग) 66 वरून 100 केली की 300 मेगाहर्ट्झचा 450 व्हायचा, दीडपट, फुकटात. बरोबर आहे दादा. तेव्हा कंपन्या मलई वरच ठेवायच्या. आता कारखान्यातच सगळी खरवडून घेतात आणि आपल्या वाट्याला रिकामं पातेलं येतं.

किती आलं माझ्या वाट्याला, तेही सांगतो. वेग मोजणाऱ्या सिनेबेंच आर20 टेस्टमध्ये 3,590 गुणांचे 3,740. चार टक्के. तेही सगळे कोअर एकदम कामाला लावले तर. एका कोअरचं काम तर हा प्रोसेसर डब्यातून काढल्यापासून 4.2 पर्यंत जाऊन करतच होता, काही न करता, बिचारा. मी तीन रात्री जागून, अडीच हजार घालून, त्याला जिथे तो आधीच होता तिथे नेऊन ठेवलं आणि वर निळा स्क्रीन जोडला. आणि असं कोणतं अवजड काम करतो मी या मशीनवर? एक्सेल उघडतो. आणि ओव्हरक्लॉकिंगचे व्हिडिओ बघतो.

बॅटरी सापडली. चित्र आलं. तारीख 1 जानेवारी 2019, त्यामुळे ब्राउझर एकही साइट उघडेना. रॅम 3200 ची 2133 वर आलेली. तारीख नीट केली, रॅमचं प्रोफाइल (तिला तिच्या 3200 वर नेणारी सेटिंग) चढवलं, बाकी सगळं जसं होतं तसं सोडलं. बाबांना एकादशी सापडली.

आई दोनदा येऊन विचारून गेली, सराट्याला हे करड्या रंगाचं चिकट काय लागलंय, निघता निघत नाही. मी अजून उत्तर दिलेलं नाही.