मालकाचं उत्तर: ५४० फुटांचं घर ३६८ कसं झालं

नमस्कार मॅडम,

आमच्या ब्रोकर ऑफिसबद्दलचा तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. तक्रारी थोडक्यात अशा: मुलुंड पूर्वेचा वन बीएचके जाहिरातीत ५४० फूट होता, बँकेच्या व्हॅल्युअरने मोजला तर ३६८ भरला. ८० टक्के लोन होईल असं सांगितलं आणि ७ लाख २० हजार कमी पडले. सोसायटीने ट्रान्सफरच्या वेळी एक लाख घेतले, आम्ही गप्प बसलो. शिवाय महिला सवलत, पार्किंग, रीडेव्हलपमेंट आणि 'स्टेशन पाच मिनिटं' या सगळ्या थापा. उत्तर तुमच्या क्रमाने देत नाही. आमची चूक जिथे सर्वांत मोठी, तिथून सुरू करतो.

मूळ करार १९९४ चा आहे आणि त्यात लिहिलंय '४५० चौ. फूट बिल्ट-अप', म्हणजे भिंतींची जाडी धरून. जाहिरातीत त्यावर आणखी २० टक्के चढवून ५४० 'सुपर बिल्ट-अप' केले गेले. नव्या प्रोजेक्टमध्ये २०१७ पासून रेरा कायद्याचा कार्पेट, म्हणजे घराच्या आतली वापरायची जागाच सांगावी लागते. रिसेलच्या बाजारात मात्र हा जुना खेळ अजून चालतो, आणि आमच्या जाहिरातीतही चालला. जिन्याचा आणि पॅसेजचा वाटा धरून फुगवलेल्या आकड्यावर घर विकू नये, हे आम्हाला कळायला हवं होतं.

त्या काळात बिल्ट-अप म्हणजे कार्पेटच्या साधारण सव्वापट नाही, तर १.२ पट धरत. ४५० भागिले १.२ म्हणजे ३७५. प्लास्टर आणि भिंतींच्या जाडीत पाच-सात फूट इकडेतिकडे होतात, त्यामुळे व्हॅल्युअरचे ३६८ बरोबर आहेत. तुम्ही लिहिलंय की तुमच्या भावाने टेप लावली तेव्हा ४०४ भरले, मग बँक खोटी का? बँक खोटी नाही. मधले ३६ फूट फ्लॉवर बेडचे, म्हणजे खिडकीबाहेरच्या कुंड्यांच्या कट्ट्याचे आहेत.

नव्वदच्या दशकातल्या इमारतींत खिडकीबाहेर फ्लॉवर बेड द्यायची पद्धत होती, कारण तो एफएसआयमध्ये (प्लॉटवर किती बांधता येईल त्या मर्यादेत) धरला जात नसे. जानेवारी २०१२ मध्ये नियम बदलले आणि फ्लॉवर बेड, बाल्कनी वगैरे एफएसआयमध्ये मोजायला लागले. तोवर हजारो घरांत खिडकीखालची भिंत काढून तो भाग खोलीत ओढला गेला होता. तुमच्या हॉलला ९ बाय २ आणि बेडरूमला ९ बाय २, दोन्ही मिळून ३६. मंजूर नकाशात ती खोली नाही, म्हणून बँक ती मोजत नाही.

ओळखायचं कसं? हॉलमध्ये खिडकीपासून दोन फूट आत लादीवर एक सरळ सांधा दिसेल, लादीचा रंगही किंचित वेगळा असेल. त्याच रेषेत वर बघितलं तर बीम. बाहेरची भिंत मुळात तिथे होती. पावसाळ्यात पहिली ओल याच सांध्यातून येते, कारण बाहेर काढलेला तो पातळ स्लॅब आणि मूळ स्लॅब यांचं नातं कधी घट्ट नसतं. तिथे भरलेलं कपाट किंवा वॉशिंग मशीन ठेवू नका. तो भाग मातीच्या कुंड्यांसाठी होता. पालिकेची नोटीस आली तर भिंत कोणी काढली हे विचारत नाहीत, आज ज्याच्या नावावर घर त्याने उत्तर द्यायचं. हे सगळं टोकनच्या आधी तुम्हाला दाखवायला हवं होतं.

आता लोन. बँक कराराची रक्कम आणि स्वतःचं व्हॅल्युएशन यांतली जी कमी, त्यावर कर्ज देते. करार १ कोटी २ लाखांचा. ४०४ फुटांवर भाव काढला तर फुटाला सव्वापंचवीस हजार, त्यातून ३६ फूट गेले की सुमारे नऊ लाख उतरतात. म्हणूनच व्हॅल्युएशन ९३ लाख आलं. त्याचे ८० टक्के ७४ लाख ४० हजार, तुम्हाला तेवढंच मिळालं. तुम्ही धरले होते १ कोटी २ लाखांचे ८० टक्के, म्हणजे ८१ लाख ६० हजार. पण एवढं कर्ज व्हॅल्युएशन पूर्ण आलं असतं तरी मिळालं नसतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्क्यांची मर्यादा आहे, ७५ लाखांवर गेलं की ७५ टक्के. म्हणजे जास्तीत जास्त ७६ लाख ५० हजार. तुमच्या ७ लाख २० हजारांतले ५ लाख १० हजार या नियमामुळे गेले आणि २ लाख १० हजार फ्लॉवर बेडमुळे. 'ऐंशी टक्के होऊन जाईल' हे वाक्य आमच्या ऑफिसातल्या मुलाचं. कर्जाचा टप्पा न बघता बोलला. स्टॅम्प ड्युटी आणि रजिस्ट्रेशन या हिशोबात बँक धरत नाही, ते खिशातूनच जातात, हेही त्याने सांगितलं नाही.

सोसायटीचे एक लाख. ९ ऑगस्ट २००१ च्या सरकारी परिपत्रकाप्रमाणे महापालिका हद्दीत ट्रान्सफर प्रीमियम जास्तीत जास्त २५,००० रुपये. त्यावर ५०० ट्रान्सफर फी आणि १०० प्रवेश फी. बिल्डिंग फंड, देणगी, 'लिफ्टसाठी' अशा कुठल्याही नावाने जास्त मागता येत नाही. सभेत ठराव केला तरीही नाही. तुमच्याकडून ७४,४०० जादा गेले, आणि आम्ही 'देऊन टाका, कमिटीशी वाकडं नको' असं म्हटलं. हा सल्ला वाईट होता. विकणाऱ्याला सोसायटीची एनओसी लागतेच असंही नाही. आदर्श उपविधींप्रमाणे ट्रान्सफरची नोटीस द्यावी लागते, परवानगी नाही. बँकेला पत्र हवं असतं म्हणून सगळे कमिटीपुढे हात जोडतात.

पैसे परत मागायचे असतील तर पावती काढून शीर्षक बघा. 'स्वेच्छा देणगी' लिहिलं असेल आणि तुमची सही असलेलं पत्र त्यांच्याकडे असेल, तर काम चिकट आहे. नुसतं 'ट्रान्सफर' लिहिलं असेल तर आधी कमिटीला लेखी अर्ज, पोच घेऊन. उत्तर आलं नाही तर टी विभागाच्या सहकारी संस्था उपनिबंधकांकडे तक्रार. तोंडी भांडू नका, सेक्रेटरी बदलला की कोणाला काही आठवत नाही.

महिला सवलतीचा मुद्दा मात्र मान्य नाही. स्टॅम्प ड्युटीतली एक टक्क्याची सूट सगळे खरेदीदार महिला असतील तरच मिळते. करारात मिस्टरांचं नाव दुसरं आहे, म्हणून पाचऐवजी सहा टक्के, ६ लाख १२ हजार, अधिक रजिस्ट्रेशनचे ३० हजार. मसुद्यासोबत पाच दिवस आधी पाठवलेल्या हिशोबात हाच आकडा होता. घर एकट्या तुमच्या नावावर आणि मिस्टर फक्त कर्जात सहअर्जदार, असं बहुतेक बँकांना चालतं. तो पर्याय फोनवर सांगितला होता. नाव दोघांचं हवं, असं तुमच्याकडून कळलं. त्यात चूक काही नाही, पण १ लाख २ हजारांची ती किंमत होती.

पार्किंग: मोकळी जागा आणि स्टिल्ट (इमारतीखालची खांबांमधली जागा) सोसायटीची असते. बिल्डरला ती वेगळी विकता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच सांगितलंय, मग मूळ मालक ती तुम्हाला कुठून विकणार? अलॉटमेंट लेटर नसेल तर तुम्ही वेटिंग लिस्टमध्ये. जाहिरातीत 'पार्किंग उपलब्ध' होतं, ते काढलंय. स्टेशन पाच मिनिटं, हे शेअर रिक्षाने, तेही रांग नसताना. चालत पंधरा-अठरा. तेही बदललं.

रीडेव्हलपमेंट 'लवकरच' म्हणणाऱ्या ब्रोकरवर, आमच्यासकट, विश्वास ठेवू नका. दोन कागद बघा. मालमत्ता पत्रकावर जमीन सोसायटीच्या नावावर आली आहे का, आणि सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ खाली विशेष सर्वसाधारण सभेचा ठराव झाला आहे का. ४ जुलै २०१९ च्या निर्देशांप्रमाणे एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती लागते. तुमच्या सोसायटीत कन्व्हेयन्सच, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होणंच, झालेलं नाही. पुढे रीडेव्हलपमेंट जेव्हा होईल तेव्हा बिल्डर जादा जागेचे टक्के मोजेल ते मंजूर नकाशाच्या कार्पेटवर, म्हणजे ३६८ वर.

त्याच ३६८ चा एक फायदा: ५०० चौ. फुटांपर्यंतच्या घरांना मुंबईत १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. मेंटेनन्सच्या बिलात त्या रकान्यात तुमच्याकडून काही घेतलं जातंय का, तेवढं तपासा.

आमचा खरा दोष क्रमाचा. रविवारी टोकनचे एक लाख घेतले, कागद अकरा दिवसांनी दाखवले, आणि पावतीवर छापील 'टोकन परत मिळणार नाही'. म्हणून व्हॅल्युअरचा आकडा कळल्यावरही तुम्हाला मागे फिरता आलं नाही. पावतीचा मजकूर बदललाय: मंजूर नकाशा, ओसी (भोगवटा दाखला), आधीच्या सगळ्या करारांची पूर्ण चेन, मूळ शेअर सर्टिफिकेट आणि टेपने घेतलेलं कार्पेट, ज्यात फ्लॉवर बेड वेगळा दाखवलेला असेल, हे टोकनच्या आधी. बँकेचं व्हॅल्युएशन कराराच्या रकमेपेक्षा कमी आलं तर १५ दिवसांत टोकन पूर्ण परत, विकणाऱ्याच्या सहीसह. काही विकणारे सही करायला तयार नाहीत. त्यांची घरं आम्ही घेत नाही.

तुमच्याकडून दलालीचा १ टक्का, १ लाख २ हजार आणि १८ टक्के जीएसटी घेतला होता. अर्धा परत देतोय: ५१,००० अधिक ९,१८० जीएसटी, एकूण ६०,१८०, क्रेडिट नोटसह. अर्धाच, कारण चेन आणि रजिस्ट्रेशनचं काम नीट झालं आहे. ऑफिसात येताना सोसायटीची ती पावती घेऊन या. कमिटीला द्यायचा अर्ज लिहून ठेवलाय, शीर्षक बघून एक वाक्य बदलायचं की नाही एवढंच बाकी आहे.