सहाव्या वर्षाचे पैसे : एका प्रतिक्रियेला उत्तर

साहेब, नमस्कार.

डोंगरातल्या पाड्यांवर सौर मिनी-ग्रिड, म्हणजे पाड्यापुरतं छोटं सौर वीजकेंद्र आणि तिथून घरोघरी तारा, उभारायला आपण वर्गणी काढावी, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. तुम्ही वीज मंडळात हयात घालवलेली, त्यामुळे तुमच्या प्रतिक्रियेला दोन ओळींत उत्तर देणं मला बरं वाटेना. तुमचे आक्षेप तीन. वीज आता गावोगावी पोहोचली आहे. मिनी-ग्रिडची वीज महाग आणि तुटपुंजी, ती आदिवासींच्याच गळ्यात का बांधायची? आणि देणगीतून उभे राहिलेले असे प्रकल्प चार-पाच वर्षांत भंगारात जातात.

तिसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण तो खरा आहे.

बिहारमधल्या जेहानाबाद जिल्ह्यातलं धरनई. 2014 साली ग्रीनपीस या पर्यावरणवादी संस्थेने तिथे 100 किलोवॅटचा सौर मिनी-ग्रिड उभारला. देशभर गाजावाजा झाला, तेव्हा माजी मुख्यमंत्री असलेले नीतीश कुमार आले, तर गावकऱ्यांनी त्यांच्याकडे ‘असली बिजली’ मागितली. थोड्याच दिवसांत सरकारी तारा आल्या. ती वीज स्वस्त होती, तिच्यावर टीव्ही-फ्रिज चालत होते. लोक तिकडे वळले. पुढे बॅटऱ्या संपल्या आणि काही वर्षांनी त्या केंद्राच्या आवारात गुरं बांधलेली दिसली.

असाच एक पाडा मी अक्कलकुव्याकडे पाहिला आहे. पॅनेल शाबूत, खांब शाबूत, इन्व्हर्टरही चालू स्थितीत. फक्त लेड-ॲसिड बॅटऱ्या मेलेल्या. अशा बॅटऱ्या पाच-सहा वर्षांत जाणारच, हे बसवणाऱ्यालाही ठाऊक असतं. पण ज्यांनी पैसे दिले होते त्यांच्या कागदावर प्रकल्प उद्घाटनाच्या दिवशीच ‘पूर्ण’ झाला होता. दारात बसलेली एक आजी मला म्हणाली, ‘आधी अंधाराची सवय होती, आता ती पण गेली.’ ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

म्हणून साहेब, तुम्ही रोगावर बरोबर बोट ठेवलंत, पण औषध म्हणून पैसेच थांबवायचे, हे मला पटत नाही. पैसे कशासाठी आणि केव्हा द्यायचे, ते बदलायला हवं. नायजेरियात जागतिक बँकेच्या पैशातून 2018 नंतर जी योजना आली, तिच्यात मिनी-ग्रिड उभारणाऱ्याला प्रत्येक जोडणीमागे 350 डॉलर अनुदान ठरलं, तेही वीज काही महिने नीट मिळते आहे याची तपासणी झाल्यावर. त्याआधी 2016 मध्येच तिथल्या वीज नियामकाने नियम केले की मोठ्या ग्रिडची तार आली तर मिनी-ग्रिडवाल्याने तिला जोडून घ्यावं, किंवा भरपाई घेऊन यंत्रणा वितरण कंपनीच्या हवाली करावी. धरनईत नेमकी हीच तरतूद नव्हती.

गावाला सांभाळता येत नाही, असं मात्र म्हणू नका. धडगाव तालुक्यातल्या बिलगावात लोकांनी श्रमदान करून धबधब्यावर 15 किलोवॅटचं छोटं जलविद्युत केंद्र उभं केलं. केरळचे अभियंते मदतीला होते, परदेशातल्या भारतीयांच्या एका संस्थेनेही हातभार लावला. जानेवारी 2003 मध्ये दिवे लागले. 2006 च्या पावसाळ्यात सरदार सरोवराच्या फुगवट्याने ते केंद्र गिळलं. ते हलगर्जीपणाने बंद पडलं नाही, साहेब. जुन्नर तालुक्यातल्या दरेवाडीत 2012 मध्ये सौर ग्रिड आला, अवघ्या 39 घरांचा. तिथे घरोघरी मीटर बसले आणि बिलाचे पैसे गावाच्याच खात्यात जमा व्हायचे, पुढच्या देखभालीसाठी.

गावोगावी वीज पोहोचली, याबद्दल एवढंच: मणिपूरमधल्या लिसांगला वीज पोहोचली आणि 28 एप्रिल 2018 रोजी देशातली सगळी गावं विद्युतीकृत झाल्याचं जाहीर झालं. पण गावातल्या दहा टक्के घरांत वीज असली की ते गाव त्या हिशेबात बसतं. गावठाणात डीपी (ट्रान्सफॉर्मर) आली म्हणून दोन डोंगर पलीकडच्या पाड्यावर दिवा लागत नाही, हे तुम्हाला मी काय सांगणार?

राहिला महागाईचा मुद्दा. शहरात कमी वीज वापरणाऱ्याला जो कमी दर पडतो, त्याचा भार कारखाने आणि दुकानं उचलतात. पाड्यावरच्या तीस-चाळीस घरांमागे असं कुणीच नसतं. पॅनेल, बॅटरी, राखणदार, सगळा खर्च त्यांच्याच बिलात येतो. सर्वांत गरीब माणसाने सर्वांत महाग युनिट घ्यावं, हा अन्याय आहे आणि इथे मी पूर्णपणे तुमच्या बाजूचा आहे. म्हणूनच वर्गणीतला मोठा हिस्सा बॅटरी बदलण्यासाठी आणि दरातला हा फरक भरून काढण्यासाठी बँकेत वेगळा ठेवावा, असं माझं म्हणणं आहे. मागच्या लेखात हे स्पष्ट लिहायला हवं होतं. मी पॅनेलच्या किमतीवरच थांबलो, ती चूक माझी.

आता एक विनंती. अक्कलकुव्याकडच्या त्या पाड्यासाठी आम्ही नवं अंदाजपत्रक करतो आहोत. उद्या सरकारी लाइन आलीच तर काही उखडावं न लागता जोडणी व्हावी, म्हणून खांब, तारा, अर्थिंग, मीटर, सगळं वितरण कंपनीच्या मापातच बसवायचं आहे. त्यातलं मला फारसं कळत नाही, तुम्हाला कळतं. कागद पाठवू का? तुम्ही लाल शाईने जे खोडाल ते खोडू.