तात्कालिक कारण, १ गुण

आज ताईकडे जेवायला गेलो होतो. जेवणं झाली, टीव्हीवर नेहमीसारखे नकाशे, बाण, स्फोट आणि घसा ताणून ओरडणारा निवेदक. दाजी सुपारी कातरत म्हणाले, "एकदाचं महायुद्ध होऊनच जाऊ दे. सोक्षमोक्ष लागेल." आणि नेमकं तेव्हाच आतल्या खोलीतून भाचीचं पाठांतर ऐकू आलं. पहिल्या महायुद्धाचे तात्कालिक कारण, ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड याची साराजेव्हो येथे हत्या. गुण १.

मी गप्प बसलो. बहिणीच्या घरी जेवून तिच्या नवऱ्याशी वाद घालायचा नाही, एवढं वळण आम्हाला लावलेलं आहे. म्हणून इथं लिहितोय. दाजी फेसबुकवर नाहीत. कुणाला स्क्रीनशॉट पाठवायचाच असेल तर खुशाल पाठवा.

माझ्या पणजोबांना घरात सगळे आबा म्हणायचे. मी त्यांना पाहिलेलं नाही, जे काही माहीत आहे ते आजीकडून, म्हणजे त्यांच्या सुनेकडून. आबा एकशेसतरा मराठा पलटणीत होते आणि बसऱ्याला, म्हणजे आजच्या इराकात, गेले होते. आमच्या गावात पहिल्या महायुद्धाला अजून जर्मनची लढाई म्हणतात. आबा लढले तुर्कांशी, जर्मन माणूस त्यांनी जन्मात पाहिला नव्हता, पण असो. १९१९ साली ते परत आले आणि तेव्हापासून मरेपर्यंत रोज रात्री निजताना उशाशी भाकरीचा तुकडा फडक्यात बांधून ठेवायचे. घरात कणग्या भरलेल्या असल्या तरी. सकाळी तो तुकडा म्हशीला घालायचा, रात्री नवा बांधायचा. आजीनं लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात ते फडकं घाण म्हणून धुवायला टाकलं, तर म्हातारा रात्रभर भिंतीला टेकून बसून राहिला. एक शब्द बोलला नाही.

सोक्षमोक्ष हा शब्द ऐकला की मला ते फडकं आठवतं.

आता त्या एका गुणाच्या उत्तराबद्दल. २८ जून १९१४ ला साराजेव्होत गोळी झाडणारा गाव्रिलो प्रिन्सिप १९ वर्षांचा होता. त्या सकाळी त्याच्या साथीदारानं फेकलेला बॉम्ब हुकला होता, कट फसल्यात जमा होता. पुढं ड्रायव्हरनं चुकीच्या रस्त्याला गाडी वळवली आणि ती थांबली ती प्रिन्सिपच्या समोर. राजपुत्र गेला, त्याची बायको सोफी गेली. वाईट झालं. पण हे २८ जूनला, आणि ऑस्ट्रियानं सर्बियावर युद्ध पुकारलं २८ जुलैला! मधला महिनाभर काय चाललं होतं? ५ जुलैला जर्मनीनं ऑस्ट्रियाला सांगितलं, काय करायचं ते करा, आम्ही पाठीशी आहोत. दुसऱ्या दिवशी जर्मनीचा सम्राट कैसर विल्हेल्म बोटीत बसून नॉर्वेकडं फिरायला गेला. २३ जुलैला सर्बियाला ४८ तासांची मुदत दिली गेली. सर्बियानं बहुतेक अटी मान्य केल्या, तेव्हा ते उत्तर वाचून खुद्द कैसरनंच लिहिलं की आता युद्धाचं काही कारण उरलेलं नाही. हे लिहिलं २८ जुलैला. त्याच दिवशी युद्ध पुकारलं गेलं.

आणि ही मंडळी कोण होती? इंग्लंडचा पाचवा जॉर्ज आणि जर्मनीचा कैसर हे मामे-आते भाऊ. जॉर्ज आणि रशियाचा झार निकोलस हे मावसभाऊ, दिसायलाही जुळ्यांसारखे. झारची बायको कैसरची मावसबहीण. झार आणि कैसर त्या शेवटच्या दिवसांत एकमेकांना तारा करत होते, खाली सही 'निकी' आणि 'विली'. आपल्याकडं भावकीत बांधावरून डोकी फुटतात तेव्हा शिकलेले लोक हसतात. इथं तर अख्ख्या युरोपची भावकी होती, फक्त बांधावर उभं राहून मरायला दुसऱ्यांची पोरं होती.

सगळ्यांचा दोष सारखा होता असं मी म्हणत नाही. ऑस्ट्रियाला सर्बियाला चिरडायचंच होतं, निमित्त हवं होतं. आणि जर्मन फौजा घुसल्या तेव्हा बेल्जियमनं काय करायला हवं होतं, दार उघडून चहा ठेवायचा? काही वेळा लढावं लागतं, मान्य. पुढं.

मला सगळ्यात जास्त चीड येते ती १ ऑगस्टच्या गोष्टीची. कैसरनं सेनापती मोल्टकेला विचारलं, फ्रान्सला सोडून सगळं सैन्य रशियाकडं वळवता येईल का? मोल्टके म्हणाला, जमणार नाही. योजना वर्षानुवर्षं बसवलेली, हजारो रेल्वेगाड्यांचं वेळापत्रक मिनिटामिनिटाला बांधलेलं, ते आता बदलता येत नाही. वेळापत्रक! ३ तारखेला फ्रान्सवर युद्ध, ४ ला बेल्जियममध्ये फौजा, त्याच रात्री इंग्लंड आत. आणि इंग्लंड आत म्हणजे आपण आत. व्हाइसरॉय हार्डिंगनं जाहीर केलं, विषय संपला. कुणाला विचारलं? आबांच्या गावाला साराजेव्हो हे गाव आहे की माणूस, हेही ठाऊक नव्हतं.

तिकडं बऱ्याच जणांना वाटत होतं की झाडांची पानं गळायच्या आत सगळे घरी येतील. फ्रान्समधल्या मार्नच्या लढाईनंतर सप्टेंबरातच कळलं की कुणी कुठं जात नाही. मग खंदक खणले आणि चार वर्षं त्यातच बसले. १ जुलै १९१६, सोम नदीकाठी, एका दिवसात ब्रिटिशांचे १९ हजारांवर लोक मेले. व्हर्दंची लढाई दहा महिने चालली. ही नावं तुम्हाला माहीत आहेत, सिनेमे निघालेत. आबा जिथं वेढ्यात अडकले त्या इराकमधल्या कूतवर कुणी सिनेमा काढला नाही.

पुणे डिव्हिजनची पहिली तुकडी नोव्हेंबर १९१४ ला इराणच्या आखातावरच्या फाओला उतरली, त्यात एकशेसतरा मराठा होते. कशासाठी, तर मुख्यतः इराणमधल्या अबादानच्या तेलासाठी. सुरुवातीला सगळं सोपं गेलं, मग साहेबांना बगदाद खुणावू लागलं. बगदादजवळच्या टेसिफॉनला मार खाल्ला, चार हजारांवर माणसं ठार-जखमी झाली. जखमींना बिनस्प्रिंगच्या खटाऱ्यांतून हाडं खिळखिळी करत आणलं. या फौजेचा सेनापती जनरल टाउनशेंड मागं हटून कूत-अल-अमारात शिरला आणि ७ डिसेंबर १९१५ ला तुर्कांनी वेढा घातला. जवळजवळ पाच महिने. जवाचं पीठ हळूहळू कमी. मग घोडे आणि खेचरं कापायला लागले. आपले शिपाई ते मांस खाईनात. साहेबानं हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी मागवली, तरी बरेच जण शेवटच्या दिवसांपर्यंत खाईनात. विमानातून पोती टाकली, ती पुरेनात. सोडवायला आलेल्या फौजेची वीस हजारांवर माणसं ठार-जखमी झाली. तुर्कांना वीस लाख पौंड देऊ केले, ते हसले. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती.

गावात एकदा कुणीतरी आबांना चावडीवर विचारलं, "घोडं खाल्लंसा का वो?" आबा उठले आणि सरळ गोठ्यात जाऊन बसले. पुन्हा कुणी विचारलं नाही. मलाही त्याचं उत्तर नको आहे.

शरणागतीनंतर कैद्यांना चालवत नेलं. बगदादच्या पुढं, मोसूल, रास अल-ऐन, वाळवंटातून. तिथं रेल्वेच्या कामाला जुंपलं. गोऱ्या शिपायांतले निम्म्याहून जास्त परत आले नाहीत, आपले हजारोंनी गेले. टाउनशेंडसाहेब मात्र इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात राहत होते. कैदेत असतानाच त्यांना 'सर' केलं. यावर मी जे लिहून खोडलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

हो, आबांना पेन्शन होती. त्या पेन्शनीवर विहीर खणली, घराला कौलं चढली, त्याच घरात माझा बाप शिकला. तेव्हा लढाईनं आम्हाला काहीच दिलं नाही असं म्हटलं तर खोटं होईल. लोकमान्यांनीही आधी सरकारला मदत करा म्हटलंच होतं, बदल्यात स्वराज्याची आशा होती. बदल्यात १९१९ ला रौलट आणि जालियनवाला मिळालं.

आणि त्याआधी १९१८ ला मुंबई बंदरातून ताप आला, स्पॅनिश फ्लूचा. देशात कोटीच्या वर माणसं त्या तापानं मेली. आबा कैदेत जिवंत राहिले, आणि त्यांची आई आणि धाकटा भाऊ इथं घरात गेले. परत आल्यावर दारात कळलं. हे लिहायचं ठरवलं नव्हतं, लिहिता लिहिता आलं. आजी ही गोष्ट सांगताना इथं नेहमी चूल सारखी करायला उठायची.

सोक्षमोक्ष कसा लागला तेही सांगतो. ११ नोव्हेंबर १९१८ ला पहाटे पाचच्या सुमारास युद्धबंदीच्या करारावर सह्या झाल्या, तोफा थांबवायच्या ठरल्या अकरा वाजता. मधल्या तासांतही हल्ले चालूच ठेवले. त्या एका दिवसात दोन हजारांवर माणसं मेली. व्हर्सायचा तह केला २८ जून १९१९ ला, नेमकी साराजेव्होच्या हत्येचीच तारीख. वीस वर्षांत पुन्हा तेच सगळं सुरू झालं.

निघताना भाची दारापर्यंत आली. म्हणाली, "मामा, तू आईला म्हणत होतास की उत्तर चुकीचं आहे. मग मी काय लिहू?"

म्हटलं, "फ्रान्झ फर्डिनांडची हत्या असंच लिही. गुण घालवू नकोस."

दाजी चांगले आहेत हो. मला स्टँडपर्यंत सोडायला आले, वाटेत गाडी थांबवून आईसाठी पपई घेऊन दिली. टीव्ही बंद असला की त्यांच्याइतका मऊ माणूस नाही.

सातारा, कोकण, कोल्हापूरकडच्या मित्रांना एक विनंती. बऱ्याच गावांत इंग्रजांनी बसवलेला एक दगड असतो, या गावातून १९१४ ते १९१९ च्या लढाईत किती गेले आणि त्यातले किती मेले, एवढाच मजकूर. नुसते आकडे, नाव एकाचंही नाही. तुमच्या गावात असला तर फोटो टाका. आमचा दगड मागच्या जत्रेला कुणीतरी भगव्या ऑइलपेंटनं रंगवलाय. आकडा आता बोटानं चाचपूनच वाचावा लागतो.